कॉइल बदलण्याआधी : जुन्या मातीतेलाच्या ट्रॅक्टरची हरवलेली ठिणगी

आमच्या कोठ्यात, गव्हाणीच्या वरच्या फळीवर, तीन इग्निशन कॉइली पडून होत्या. ट्रॅक्टर चालू झाला नाही की मिस्त्री यायचा, बॉनेट उघडायचा आणि म्हणायचा, "कॉइल गेली, भाऊ." नवी कॉइल बसायची. कधी ट्रॅक्टर सुरू व्हायचा, कधी दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या कॉइलीनंतरही इंजिन खोकलंसुद्धा नाही, तेव्हा मी स्वतः डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा, उघडून बसलो. त्यातल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटच्या बोल्टवरचा नखाएवढा फायबरचा वायसर फुटला होता. त्यातून सगळा करंट बॉडीत, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोखंडात, जात होता. पुढे मीटर घेतल्यावर फळीवरच्या तिन्ही कॉइली तपासल्या, तिन्ही ठणठणीत.

म्हणून हा लेख. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळचा पेट्रोल किंवा मातीतेलाचा ट्रॅक्टर उभा आहे आणि ज्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी आजवर काढलेली नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे. कॉइल खराब होतच नाही असं मी म्हणत नाही. पण तिच्या आजूबाजूचा स्वस्त माल आधी तपासायचा, आणि कॉइलवर आरोप ठेवायचा तो पुराव्यानेच.

आधी ट्रॅक्टर ओळखा

हे हसण्यावारी नेऊ नका. डिझेल ट्रॅक्टरला इग्निशन कॉइल नसते. त्यात हवा इतकी दाबली जाते की डिझेल आपोआप पेटतं, ठिणगीची गरजच नाही. आज आपल्याकडे शेतात दिसणारे जवळपास सगळे ट्रॅक्टर डिझेलचे आहेत. भारतात तयार होऊ लागलेला पहिला ट्रॅक्टर, १९५९चा आयशर, तोही डिझेलचाच. तरी "माझ्या ट्रॅक्टरची कॉइल पाहून द्या" म्हणत डिझेलवाले येतात. त्यांच्या मनात बहुतेक वेळा स्टार्टरचा सोलेनॉइड असतो, नाहीतर थंडीत चालू करायचा हीटर प्लग. तुमचा डिझेल चालता चालता बंद पडत असेल, तर फिल्टर आणि लाइनमधली हवा पाहा. पुढचं वाचून उपयोग नाही.

कॉइल असते ती ठिणगीच्या इंजिनात. अशा ट्रॅक्टरांत सगळ्यात ओळखीचा राखाडी रंगाचा फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात तो पाच लाखांहून जास्त बनला. त्याच्या पाटीवरची अक्षरं वाचा. टीई-ए म्हणजे पेट्रोल, टीई-डी म्हणजे पेट्रोलवर चालू करून तापल्यावर मातीतेलावर टाकायचा, टीई-एफ म्हणजे डिझेल. फोर्डसन मेजरही पेट्रोल, मातीतेल आणि डिझेल अशा तिन्ही प्रकारांत यायचा, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. पाटी गंजली असेल तर सोपी खूण अशी : इंजिनावर काळी टोपी असलेला एक डबा आणि त्यातून प्लगांकडे जाणाऱ्या चार जाड वायरी दिसल्या, तर तो डिस्ट्रिब्युटर. तिथून पाचवी जाड वायर ज्या उभ्या नळकांडीसारख्या डब्याकडे जाते, ती कॉइल.

कॉइल करते काय

कॉइलीत एकाच गाभ्यावर दोन तारा गुंडाळलेल्या असतात. एक जाड आणि थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारखी बारीक आणि हजारो वेढ्यांची. बॅटरीचा करंट जाड तारेतून जातो आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमधून बॉडीत उतरतो. पॉइंट मिटलेले असेपर्यंत गाभ्यात चुंबकत्व भरत राहतं. पॉइंट उघडले की करंट एकदम तुटतो आणि चुंबकत्व कोसळतं. पळती बैलगाडी एकदम थांबवली की मागची पोती पुढे उसळून येतात ना, तसा बारीक तारेत हजारो व्होल्टचा झटका उसळतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते.

इथे "एकदम" या शब्दावर सगळी मदार आहे. करंट रेंगाळत तुटला, तर उसळी येत नाही. तो झटकन तुटावा म्हणून पॉइंटला कंडेन्सर जोडलेला असतो. म्हणजे एका ठिणगीसाठी बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर (टोपीखाली फिरत एकेका प्लगकडे ठिणगी वळवणारा तुकडा), टोपी, वायर आणि प्लग एवढे सगळे जागेवर लागतात. यातली कॉइल सीलबंद डब्यात बसलेली. हलणं नाही, झिजणं नाही. पॉइंट मात्र चार सिलिंडरच्या इंजिनात १,५०० फेऱ्यांना मिनिटाला ३,००० वेळा उघडतात. आधी कोण थकेल ते तुम्हीच ठरवा.

हाताशी काय हवं

एक साधा मल्टिमीटर. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्या. बारीक पॉलिश पेपर. रबरी मुठीचा पक्कड. वायरींना खुणा करायला कागदी टेप. आणि टेस्ट लॅम्प, जो घरीच बनतो : १२ व्होल्टचा ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला खिळा. मी मल्टिमीटरपेक्षा या दिव्यावर जास्त विश्वास ठेवतो. गंजलेल्या जोडातून मीटर १२ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. दिव्याला मात्र खरा करंट लागतो, जोड कच्चा असेल तर तो मिणमिणून लगेच चुगली करतो. एलईडी लावू नका, तो थेंबभर करंटवरही पेटतो.

मोबाइलने वायरींचे फोटो आधीच काढून ठेवा. प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या तर इंजिन उलटा फटाका मारेल. फर्ग्युसनची ठिणगीची पाळी १-३-४-२ आहे.

सावधगिरीचं थोडं. गिअर न्यूट्रल. पेट्रोलचा डबा दहा पावलं लांब, कार्बुरेटर गळत असेल तर आधी ते थांबवा, कारण आपण मुद्दाम ठिणगी पाडणार आहोत. जाड वायर चालू असताना हाताने धरू नका. झटक्याने माणूस सहसा मरत नाही म्हणतात, पण दचकून हात पंख्यात जातो. आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका, आणि हँडल खालून वर ओढा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवं. आमच्याकडच्या जुन्या माणसांत मोडलेल्या मनगटाच्या गोष्टी कमी नाहीत.

पहिली पायरी : ठिणगी आहे का?

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून मधली जाड वायर, म्हणजे कॉइलीकडून येणारी, उपसून काढा. तिचं टोक पक्कडीने धरून इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडापासून ५-६ मिलिमीटरवर ठेवा. स्विच ऑन करून दुसऱ्याला इंजिन फिरवायला सांगा.

निळी, जाडसर, 'टक्‌ टक्‌' आवाज करणारी ठिणगी उडाली, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, स्विच सगळे निर्दोष. हा लेख तिथेच थांबवा आणि पुढचा माल पाहा : टोपीच्या आतला मधला कार्बनचा ठोकळा झिजला का, रोटरला तडा आहे का, प्लग काळे-ओले झालेत का. मातीतेलावर चालणाऱ्या इंजिनाचे प्लग फार लवकर काजळतात, विशेषतः इंजिन पुरतं तापायच्या आत कोणी मातीतेलाचा कॉक फिरवला तर.

ठिणगी पिवळट आणि बारीक, किंवा अजिबात नाही, तर पुढे चला.

एक चूक इथे पुष्कळ जण करतात. वायर लोखंडापासून लांब लटकत ठेवून इंजिन फिरवत बसतात. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलीच्या आतच वाट काढते आणि चांगल्या कॉइलीचं इन्सुलेशन फोडते. तपासता तपासता कॉइल मारायची ही खात्रीची रीत.

दुसरी पायरी : बॅटरी आणि उलटी अर्थिंग

उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. स्टार्टर फिरताना ती १० च्या खाली जात असेल, तर कॉइलीला पुरेसं खायलाच मिळत नाही. स्टार्टर फिरतो पण ठिणगी मरगळलेली, मग धक्का मारला की ट्रॅक्टर झटक्यात चालू, ही त्याची खूण. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा आणि बॉडीला जाणाऱ्या पट्टीखालचा रंग-गंज खरवडून काढा.

आता गोंधळाची गोष्ट. जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला असतं, आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. बरेचदा मधल्या कोणी इलेक्ट्रिशियनने ते फिरवून ठेवलेलं असतं. आधी पाहा, तुमच्या बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे. मग नियम सोपा : जे चिन्ह बॉडीला, त्याच चिन्हाचं कॉइलीचं टर्मिनल डिस्ट्रिब्युटरला. अधिक बॉडीला असेल तर कॉइलीचं अधिक डिस्ट्रिब्युटरकडे, उणे स्विचकडे. जुन्या ल्युकास कॉइलींवर चिन्हं नसतात, एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात : एसडब्ल्यू स्विचला, सीबी डिस्ट्रिब्युटरला. ही अक्षरं अधिक-बॉडीच्या काळातली आहेत. बॅटरी उलटी केली असेल तर या दोन वायरीही उलट करा.

उलट्या जोडलेल्या कॉइलीनेही ट्रॅक्टर चालतो, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. फक्त प्लगला ठिणगी पाडायला जास्त दाब लागतो. मग डिसेंबरच्या पहाटे, नाहीतर तुरीच्या शेतात वखर लागल्यावर, इंजिन मिसिंग करतं आणि आळ कॉइलीवर येतो.

तिसरी पायरी : दिव्याची साक्ष

या लेखातली कुठलीही एक गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. दिव्याचा चिमटा बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा. अर्थिंग सुलटी असो की उलटी, दिव्याला फरक पडत नाही. स्विच ऑन.

खिळा कॉइलीच्या स्विचकडच्या टर्मिनलला टेकवा. दिवा लागला नाही, तर करंट कॉइलीपर्यंत पोचलेलाच नाही. स्विच, त्यामागची वायर, मधला एखादा जोड, नाहीतर उंदीर. कापूस घरात भरल्यावर कोठ्यात उंदरांची चंगळ असते, आणि जुन्या कापडी आवरणाच्या वायरी त्यांना फार आवडतात. बॅटरीपासून एक वायर थेट या टर्मिनलला लावून पाहा. ठिणगी आली की कॉइल निर्दोष. (बंद करताना ही वायर काढावी लागेल, स्विचने इंजिन बंद होणार नाही.)

तिथे दिवा लागला, तर खिळा दुसऱ्या टर्मिनलवर, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला टेकवा आणि इंजिन हळूहळू हँडलने फिरवा. जाड वायर टोपीत परत बसवून प्लग काढून ठेवले तर हात हलका चालतो, पण काढलेले प्लग त्यांच्या वायरींना जोडून लोखंडावर आडवे ठेवा, म्हणजे ठिणगीला वाट राहील, आणि प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. म्हणजे पॉइंट उघडमीट करताहेत आणि कॉइलीची जाड तार शाबूत आहे. तरी ठिणगी नसेल तर संशय कंडेन्सरवर, आणि त्यानंतर कॉइलीच्या बारीक तारेवर.

दिवा सतत लागलेलाच. करंट कॉइलीतून येतो पण बॉडीत उतरत नाही. पॉइंट मिटतच नाहीत, त्यांच्यावर मैल किंवा तेल बसलंय, किंवा कॉइलीपासून पॉइंटपर्यंतची छोटी वायर आतून तुटली आहे. सहा महिने उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये दहातल्या आठ वेळा मला हेच सापडलं आहे. आणि तो मैल डोळ्यांना दिसत नाही.

दिवा अजिबात लागत नाही. इथे घाई करू नका. दोन शक्यता आहेत. एक, कॉइलीची जाड तार तुटली. दोन, डिस्ट्रिब्युटरमध्ये कुठेतरी करंट सरळ बॉडीत जातोय. निवाडा करायला कॉइलीच्या त्या टर्मिनलवरून डिस्ट्रिब्युटरची वायर सोडवा आणि पुन्हा खिळा टेकवा. आता दिवा लागला, तर दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये : शॉर्ट झालेला कंडेन्सर, सोललेली वायर, नाहीतर तोच फायबरचा वायसर ज्याने माझ्या तीन कॉइलींचे पैसे खाल्ले. वायर सोडवूनही दिवा लागला नाही, तरच कॉइल मेली असं म्हणा.

पॉइंट आणि कंडेन्सर

टोपीच्या दोन क्लिपा दाबून टोपी काढा, रोटर वर उपसा. स्विच बंद. पॉइंटच्या दोन्ही तोंडांकडे नीट पाहा. एका तोंडावर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल, तर पॉइंट घासण्याबरोबर कंडेन्सरही बदला, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. तोंडं निळसर-काळी जळालेली असतील तर करंट जास्त जातोय, त्याचं कारण कॉइलीच्या विभागात सांगतो.

बारीक पॉलिश पेपर दुमडून दोन-चार वेळा ओढा, पेट्रोलच्या बोळ्याने पुसा, आणि शेवटी कोरा कागद तोंडांत धरून ओढून घ्या. हा शेवटचा कागद विसरू नका. पॉलिश पेपरची भुकटी राहिली तर पॉइंट स्वच्छ दिसतात आणि करंट जात नाही. मग इंजिन फिरवून पॉइंट सगळ्यात जास्त उघडतील तिथे थांबा आणि फिलर गेजने साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवा. पाती किंचित अडखळत सरकावी. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना अंतर हलतंच. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. कोरडा ठेवला तर पॉइंटची टाच झिजून अंतर मिटत जातं, आणि जास्त लावलं तर तेच ग्रीस उडून पॉइंटवर बसतं.

कंडेन्सर हे बोटाच्या पेराएवढं नळकांडं. मल्टिमीटरवर कपॅसिटी मोजायची सोय असेल तर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दिसायला हवी. सोय नसेल तर चांगला कंडेन्सर बाहेरूनच लटकवून पाहा, बॉडी बॉडीला, वायर कॉइलीच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, पण आधी जुन्याची वायर सोडवा. टोपी काढून इंजिन फिरवताना पॉइंटमध्ये भडक निळ्या ठिणग्या दिसत असतील आणि जाड वायरीच्या टोकाला मात्र काही नसेल, तर कंडेन्सर आतून तुटलाय. नवा आणताना दोन आणा. हल्लीच्या कंडेन्सरांचा भरवसा नाही. माझ्याकडे पाकिटातूनच मेलेला निघालाय.

आता कॉइल

एवढं सगळं होऊनही ठिणगी नाही? मग मीटर काढा. कॉइलीच्या तिन्ही वायरी सोडवा. मीटर २०० ओहमवर लावून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, जो आकडा दिसेल तो मीटरच्या वायरींचाच आहे, तो पुढच्या मापातून वजा करा.

दोन छोट्या टर्मिनलांमध्ये : १२ व्होल्टच्या साध्या कॉइलीला ३ ते ४ ओहमच्या आसपास. दीड ओहम दिसला तर ती ६ व्होल्टची, किंवा बाहेर रेझिस्टर लावून वापरायची कॉइल आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली.

मधल्या टर्मिनलपासून कुठल्याही छोट्या टर्मिनलपर्यंत, मीटर २० किलो-ओहमवर : सर्वसाधारण ५ ते १२ हजार ओहम. काहीच दाखवत नसेल तर बारीक तार तुटली.

छोट्या टर्मिनलपासून कॉइलीच्या पत्र्याच्या डब्यापर्यंत काहीच दिसता कामा नये. आकडा दिसला तर आतून शॉर्ट.

डोळ्यांनीही पाहा. तळाशी तेल पाझरलंय का, मानेजवळ केसासारखी काळी रेघ आहे का. ती रेघ ठिणगीने पाडलेली पायवाट असते आणि एकदा पडली की पुसून जात नाही.

आता ते जळालेल्या पॉइंटचं. १२ व्होल्टला ३ ओहमने भागा, ४ अँपिअर. हेच दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर ८ अँपिअर. पॉइंट एवढ्या करंटसाठी नाहीत, ते जळतात, आणि कॉइल हात लागू देत नाही इतकी तापते. दुकानात "ट्रॅक्टरची कॉइल" मागितली की समोरचा गोंधळतो. "१२ व्होल्टची, पॉइंटवाली, बाहेरचा रेझिस्टर न लागणारी" असं मागा. जुन्या जीपचं, अॅम्बेसेडरचं, पद्मिनीचं काम करणाऱ्यांकडे अशी मिळते. मीटर खिशात ठेवा आणि काउंटरवरच मोजून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची कॉइल एक ओहमच्याही खाली असते, ती कोणी "जास्त पॉवरची" म्हणून गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

तापल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू

विदर्भात कॉइलीची खरी परीक्षा इथे आहे. १९५८च्या जानेवारीत एडमंड हिलरी याच फर्ग्युसनांवरून दक्षिण ध्रुवावर पोचले. पण मे महिन्यात, सावलीत ४५ अंश असताना, वखरणीच्या तिसऱ्या तासाला तोच ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा राहतो आणि ध्रुवाची गोष्ट कामाला येत नाही. अर्धा तास लिंबाखाली बसा, पुन्हा पहिल्या फटक्यात चालू.

अशा कॉइलीचं थंड असतानाचं माप बरोबर येतं. आत तार एखाद्या जागी तुटलेली असते, थंड असताना टेकून राहते, तापून पसरली की सुटते. म्हणून तिला तापलेलीच मोजायची.

पण थांबा. उन्हात आणखी एक गोष्ट अगदी असंच सोंग घेते. पेट्रोल पाइपमध्येच उकळतं, वाफेचा बुडबुडा अडकतो आणि कार्बुरेटर कोरडा पडतो. तोही थंड झाल्यावर आपोआप मोकळा होतो. दोघांतला फरक कळायला एकच वेळ असते, बंद पडल्याचा पहिला मिनिट. पाणी प्यायला जाऊ नका, तेवढ्यात पहिल्या पायरीची ठिणगी पाहा. ठिणगी निळी आणि जोरकस, तर दोष पेट्रोलचा. पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे का पाहा. ठिणगी नाही, तर पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं कॉइलीच्या डब्याभोवती गुंडाळा, मान आणि टर्मिनलं कोरडी ठेवून. पाच-सात मिनिटांत ठिणगी परत आली तर कॉइल गुन्हेगार, बदला. फडक्याने काही झालं नाही आणि तासाभराने मात्र आपोआप आली, तर कंडेन्सर पाहा. तोही उष्णतेने दगा देतो आणि तो डिस्ट्रिब्युटरजवळ असल्यामुळे तुमच्या फडक्याचा गारवा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

कॉइल एक्झॉस्टजवळ बसवली असेल तर नवीही फार टिकणार नाही. जागा बदला, शक्यतो उभी बसवा, आणि पट्टी घट्ट आवळा. तेल भरलेली कॉइल आडवी बसली आणि तेल कमी झालं, तर वरची तार उघडी पडते.

स्विच चालू राहणं हे कॉइल जळण्याचं आणखी एक कारण. इंजिन बंद पडताना पॉइंट मिटलेले राहिले आणि स्विच ऑन, तर करंट अखंड वाहतो. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला गल्लीतले पोट्टे लाकडी बैल घेऊन आले आणि रांगेने ट्रॅक्टरवर बसून गेले. कोणीतरी किल्ली फिरवली. संध्याकाळी माझ्या काकांनी बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "अबे, हा उभ्या उभ्या काहून तापून राह्यला?" ती कॉइल वाचली, बॅटरी गेली. तेव्हापासून किल्ली देवघरात असते.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कॉइल क्वचितच जाते, ओल मात्र घात करते. टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, तासभर उन्हात ठेवा. ऊन नसेल तर गृहिणीचा रोष पत्करून पोळ्यांच्या गरम तव्याशेजारी, चूल विझवल्यावर. पुसूनही भागलं नाही तर अंधार पडल्यावर इंजिन चालू करा आणि टॉर्च न पेटवता बॉनेटखाली पाहा. जिथून करंट गळतोय तिथे निळ्या मुंग्या पळताना दिसतात, टोपीवर, वायरीवर, नाहीतर कॉइलीच्या मानेवर. काळ्या मातीची धूळ आणि तेलाचा थर ओला झाला की त्यातून करंटला रस्ता मिळतो, म्हणून कॉइलीची मान धुळीची राहू देऊ नका.

मॅग्नेटोवाल्यांसाठी दोन शब्द

काही जुन्या ट्रॅक्टरांत वेगळी कॉइल दिसतच नाही, इंजिनाच्या बाजूला मॅग्नेटो असतो. तो स्वतःच वीज तयार करतो, कॉइल त्याच्या पोटात असते, बॅटरीशी संबंध नाही. त्याला बाहेरून बॅटरीचा करंट कधीही देऊ नका. त्याचं इंजिन बंद करायची वायर बॉडीला टेकली की ठिणगी मरते, म्हणून ठिणगी गेली तर आधी ती वायर सोडवून पाहा. तिचं आवरण कुठेतरी पत्र्याला घासून सोललेलं असतं. फवारणी पंपाच्या आणि पेट्रोलच्या छोट्या इंजिनांनाही हीच युक्ती लागू पडते.

माझ्या तीन कॉइलींपैकी एक आता ट्रॅक्टरवर आहे. दुसरी टूलबॉक्समध्ये, सुती फडक्यात, जोडीला एक कंडेन्सर आणि फायबरचे चार वायसर. तिच्यावर टेप लावून लिहिलंय : ३.४ ओहम, ८.१ हजार, थंड असताना. तिसरी मिस्त्री मागून घेऊन गेला, दुसऱ्या कोणाच्या तरी ट्रॅक्टरची कॉइल गेली होती म्हणे.